फळांची आंबट बिअर पारखताना पहिल्या घोटावर निकाल देऊ नका

ग्लास स्वच्छ हवा आणि तोंडात तिखट-मसालेदार चव रेंगाळत नको, हे वेगळं सांगायला नको. वर निमुळता होत जाणारा ट्युलिप ग्लास घ्या आणि एक तृतीयांशच भरा. बिअर ७ ते १० अंश सेल्सिअसला आली की मगच सुरुवात करा. बर्फगार असताना फळाचा वास दबून राहतो.

रंगावर फार वेळ घालवू नका. बिअरच्या परीक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या बीजेसीपी या संस्थेच्या, स्पर्धांत चालणाऱ्या ५० गुणांच्या तक्त्यात दिसण्याला ३ गुण आहेत, चवीला २०. रास्पबेरीचा लाल रंग तपकिरीकडे झुकला असेल तर बिअरला हवा लागली असावी, एवढं टिपून ठेवा. फेस लवकर बसला म्हणून मात्र गुण कापू नका. आंबट बिअरमध्ये तो बहुधा टिकतच नाही.

वास तोंड लावण्याआधीच घ्या. चेरीच्या बिअरला बदामाची झाक आली तर ती चेरीच्या बियांची असते. अनेकजण तिला भेसळ समजतात. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला तर तो दोषच.

आता घोट. बहुतेकांचं इथेच चुकतं आणि माझंही अनेक वर्षं चुकलं. बेल्जियमच्या लॅम्बिक या रानटी यीस्टने आंबवलेल्या बिअरमध्ये चेरी घालून केलेली क्रीक मी एकदा पहिल्याच घोटाला ‘नुसती आंबट’ म्हणून बाजूला सारली होती. अर्ध्या तासाने उरलेली प्यायलो तेव्हा तिच्यात चेरी होती, साल होती, ओल्या लाकडाचा वास होता. बिअर तीच होती, फक्त माझी जीभ आता आंबटाला सरावली होती. पहिला घोट लाळ सुटण्यासाठी असतो. तो गिळा, विसरा, आणि वहीत एक शब्दही लिहू नका.

दुसरा घोट नाक चिमटीत धरून घ्या आणि तोंडात घोळवा. आता फळ गायब होईल. आंबट, गोड, कडू, खारट एवढंच उरेल. मग नाक सोडा. त्या क्षणी जे उसळून वर येतं ते फळ. ही कसरत वेडगळ दिसते, पण गोडवा म्हणजेच फळ हा गैरसमज तिच्याइतका दुसऱ्या कशानेही जात नाही. फळातली साखर यीस्टने खाऊन टाकली तरी सुगंध उरू शकतो, त्यामुळे कोरडी ठाक बिअरही फळाने भरलेली असू शकते. ‘गोड नाही म्हणजे फळ कमी घातलंय’ हा शेरा मला अजिबात पटत नाही. उलट ज्या बिअरमध्ये नाक धरल्यावर नुसती साखर लागते आणि सोडल्यावर जॅम, तिला मी चांगले गुण देत नाही.

तिसऱ्या घोटाला आंबटपणा तपासा. लॅक्टिक आम्ल दह्यासारखं गोलसर लागतं, ॲसिटिक आम्ल व्हिनेगरसारखं घशाला चरचरतं. चरचर थोडी असेल तर काही शैलींत शोभते, पण फळ झाकलं गेलं की ती जास्त झाली. ‘जितकी आंबट तितकी भारी’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. आंबटपणाने फळ उठून दिसलं पाहिजे.

गिळल्यावर अर्धा मिनिट गप्प बसा. उंदराच्या पिंजऱ्याची आठवण करून देणारी एक सदोष चव उशिरा येते, कारण लाळेने आम्ल सौम्य झाल्यावरच ती जाणवते. काहींना ती कळतच नाही, म्हणून शेजाऱ्यालाही विचारा.

एका बैठकीत चारपेक्षा जास्त नमुने मी घेत नाही. पुढे जीभ बोथट होते. मधे साधं पाणी प्या. संपल्यावर लगेच दात घासू नका, आम्लाने दातांचं आवरण मऊ झालेलं असतं. चूळ भरा आणि निदान अर्धा तास जाऊ द्या.