खालच्या घरातून अर्ज आला तर

परभणी सोडून पुण्यात आले त्याला आता १८ वर्षं झाली. आधी भाड्याच्या घरात राहिले, नंतर धायरीत स्वतःचं घर झालं. गावाकडून नवीन आलेली मुलं-मुली, नवी जोडपी घर शोधायला माझी मदत घेतात. भाडं, पाणी, बस हे सांगतेच, पण शेजाऱ्यांशी बिनसलं तर काय करायचं, हे जवळ बसवून सांगते. रात्री दोनला पोटात कळ आली तर परभणीचे काका पोचत नाहीत, समोरच्या दारातलेच धावून येतात.

आधी माझी चूक सांगते. नव्या घरात सहा-सात महिने झाले होते. एक दिवस दाराखालून पाकीट आत आलं. खालच्या काकूंनी सोसायटीच्या सचिवांना दिलेल्या अर्जाची प्रत होती: ‘वरील सदनिकेच्या बाथरूममधून आमच्या छतास गळती होत आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.’ माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे असं काही झालं की शेजारीण थेट ओट्यावर येते, चार शब्द बोलते, चार ऐकते आणि चहा पिऊन जाते. कागद आला म्हणजे संबंध तुटले, एवढंच मला माहीत. तावातावाने खाली गेले. आवाज जिन्यातच चढला होता.

काकू दारात आल्या, कणकेने हात भरलेले. ‘अहो, मी भांडले कुठे? नोंद राहावी म्हणून अर्ज दिला,’ म्हणाल्या आणि मला आत घेऊन गेल्या. छतावर पिवळा डाग पसरलेला, पोपडे सुटलेले आणि खाली देवघराशेजारच्या कपाटावर एक पातेलं ठेवलेलं. मी बघत असतानाच त्यात थेंब पडला. पुढे मला बोलताच आलं नाही.

तेव्हापासून नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिली गोष्ट हीच सांगते. इथे अर्ज म्हणजे वैर नव्हे. उलट, आपला मोकळा, मोठा आवाज इथल्या माणसाला भांडण वाटतो. तेव्हा कागद आला की आधी खाली जाऊन डाग बघा, आणि मग बोला.

गळती कुठून आहे हेही भांडण्याआधी शोधता येतं. वर कोणी पाणी वापरत नसतानाही थेंब अखंड पडत असेल, तर बहुतेक भिंतीतली नळाची लाइन फुटलेली असते. आंघोळीनंतरच ओल वाढत असेल तर नहाणी, म्हणजे बाथरूममधलं पाणी वाहून जायचं भोक, किंवा फरशीचे सांधे तपासायचे. प्लंबरने आमच्या नहाणीचं तोंड बंद करून बाथरूममध्ये बोटभर पाणी २४ तास साठवून ठेवलं, त्यात रंग टाकला. दुसऱ्या दिवशी काकूंच्या छताला तोच रंग उतरला. वाद तिथेच संपला, खर्च मी केला. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणेही, म्हणजे नमुना नियमांप्रमाणेही, घरातल्या संडास-बाथरूमची गळती सभासदाने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून पावसाचं पाणी आलं तर ते काम सोसायटीचं.

तुम्ही भाडेकरू असाल तर दुरुस्तीचा शब्द स्वतः देऊन मोकळे होऊ नका. सभासद घरमालक असतो. डागाचे फोटो त्याला त्याच दिवशी पाठवा, आणि खालच्यांनाही सांगा की पाठवलेत. वर सांगितलेले उपविधी सोसायटीचे, पण पुण्यात सोसायटी आणि अपार्टमेंट दोन्ही भरपूर आहेत. सोसायटी १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली चालते, अपार्टमेंट १९७० च्या कायद्याखाली. आपली इमारत कुठली, हे वॉचमनला नाही, सचिवांना विचारा.

पार्किंगवरून मनं सर्वांत लवकर बिघडतात. स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली जागा सामाईक असते, बिल्डरला ती सुटी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तेव्हाच्या कायद्यानुसार सांगितलं होतं. तेव्हा ‘मी पैसे मोजलेत’ म्हणण्याआधी सर्वसाधारण सभेने वाटप कसं केलंय, तो ठराव बघा. आवाजाचं म्हणाल तर रात्री १० ते सकाळी ६ ही कायद्यानेच शांततेची वेळ आहे. चार मुलं मिळून राहत असाल तर खुर्च्यांच्या पायांना रबर लावा, तेवढ्याने खालच्यांच्या निम्म्या तक्रारी थांबतील.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र शेजाऱ्याचं नाव घेऊन काही लिहू नका. दारात बोललेलं विसरलं जातं, ग्रुपवरचं साठ घरं वाचतात.

कोणी अंगावर आलं, धमकी दिली, तर ११२ फिरवा, समजुतीच्या भानगडीत पडू नका. शिवीगाळीची ठाण्यात बहुतेक एनसीच, म्हणजे अदखलपात्र नोंदच होते, पण तीही करून ठेवा, प्रत घ्या. वर्षभर काहीच हलत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. दावा लावण्याआधी तिथे तडजोडीसाठी अर्ज करता येतो.

आणि गळती थांबली म्हणून दुसऱ्याच दिवशी रंगारी बोलावू नका. भिंतीतली ओल वाळायला महिना-दोन महिने जातात. मी घाईने काकूंचं छत रंगवून दिलं, पावसाळ्यात पुन्हा पोपडे आले, आणि नहाणी परत फोडायची की काय या धास्तीने आम्ही दोघी त्या पातेल्याकडे बघत बसलो होतो.