हायड्रोजनची २१ सेंमी रेषा दिसत नाही? आधी या चुका तपासा

ताऱ्यांमधल्या जागेत घनसेंटिमीटरमागे सरासरी एखादाच अणू असतो आणि तो बहुधा हायड्रोजनचा. त्याच्या इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटला की १४२०.४०५७५ मेगाहर्ट्‌झची म्हणजे २१ सेंमी तरंगलांबीची लहर सुटते. एकट्या अणूला त्यासाठी सरासरी १ कोटी १० लाख वर्षं लागतात, पण आकाशगंगेत अणूंची संख्याच एवढी अफाट आहे की पत्र्याच्या हॉर्नलाही (नरसाळ्यासारख्या अँटेनालाही) ही लहर सापडते. १९५१ साली हार्वर्डमध्ये युएन आणि पर्सेल यांनी ती पहिल्यांदा टिपली, तीही खिडकीबाहेर काढलेल्या हॉर्ननेच. आज हॉर्न, एलएनए (कमी गोंगाटाचा ॲम्प्लिफायर), आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीवर चालणारा रेडिओ रिसीव्हर) आणि लॅपटॉप एवढ्यावर भागतं. तरी पहिल्या खेपेला बहुतेकांच्या पडद्यावर सपाट रेघच येते.

तेलाचा डबा

हॉर्नच्या मागच्या वेव्हगाइडसाठी (लहर वाहून नेणाऱ्या धातूच्या पोकळ पेटीसाठी) हात हमखास १५ किलोच्या तेलाच्या डब्याकडे जातो. त्याची बाजू साधारण २३ सेंमी, आणि तिथेच घोळ होतो. आतली रुंदी १०.६ सेंमीपेक्षा कमी असेल तर लहर आत शिरत नाही. २१.१ सेंमीच्या वर गेली तर एकाऐवजी अनेक मोड (लहरीचे आकृतिबंध) वाहू लागतात आणि प्रोबच्या (लहर पकडणाऱ्या तारेच्या) हाती काय लागेल याचा नेम राहत नाही. प्रमाणित माप १६.५ × ८.२५ सेंमी आहे. पत्रा त्याच मापात वाकवून घ्या.

प्रोब मागच्या भिंतीपासून ५.३ सेंमीवर बसवणं ही सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक. पाव तरंगलांबीचा हिशोब बरोबर, पण तो मोकळ्या हवेतला. या मापाच्या डब्यात तरंगलांबी ताणून २७.४ सेंमी होते, म्हणून अंतर ६.९ सेंमी हवं. प्रोबची स्वतःची लांबी मात्र ५.३ सेंमीपासूनच सुरू करा, नॅनोव्हीएनए (परावर्तन मोजणारं छोटं यंत्र) लावा आणि एकेक मिलिमीटर छाटत १४२० वर परावर्तन उणे १५ डेसिबलच्या खाली आणा. छाटलेली तार परत जोडता येत नाही, म्हणून सुरुवात लांबच ठेवायची.

वेव्हगाइडचे सांधे नुसत्या ॲल्युमिनियम टेपने जोडू नका. टेपचा गोंद वीज वाहून नेत नाही. तिथे रिव्हेट हवेत, किंवा पितळी पत्रा घेऊन सोल्डर. पुढच्या पसरत्या भागाला फोमबोर्डवर फॉइल चालतं.

एलएनएच्या आधीची केबल

एलएनए घरात टेबलावर आणि हॉर्न गच्चीवर, अशी मांडणी असेल तर बाकी काही तपासूच नका. ०.८ डेसिबल नॉइज फिगरचा एलएनए स्वतः सुमारे ५९ केल्विन गोंगाट घालतो (गोंगाट इथे तापमानात मोजतात). त्याच्या आधी केबलमध्ये ३ डेसिबल गळती झाली की तोच आकडा चारशेच्या पुढे जातो, कारण गळकी केबल स्वतःच्या तापमानाने बोलते आणि सिग्नल अर्धा खाऊन टाकते. एलएनए थेट प्रोबच्या कनेक्टरवर लावा. त्यानंतरची केबल दहा मीटर झाली तरी बिघडत नाही. डोंगलचा बायस-टी (केबलमधूनच एलएनएला वीज देणारी सोय) चालू केला आहे ना, हेही पाहा. तो बंद असेल तर एलएनए मेलेलाच असतो.

तपासणी सोपी आहे. हॉर्न आधी आकाशाकडे धरा, मग जमिनीकडे वळवा. जमीन ३०० केल्विनची. शक्ती ४ डेसिबलने वाढली तर तुमच्या यंत्रणेचा गोंगाट १८० केल्विनच्या आसपास आहे आणि काम होईल. एक डेसिबलही वाढली नाही, तर सॉफ्टवेअरशी खेळण्यात वेळ घालवू नका, हॉर्नकडे परत जा.

सॉफ्टवेअर

डोंगल दाखवतो त्या पट्ट्याच्या मध्यावर एक खोटं टोक कायम असतं. मध्य बरोबर १४२०.४ वर ठेवला तर हायड्रोजन त्याखाली गाडला जातो; मध्य १४२०.९ ठेवा. ऑटो गेन बंद. २.४ मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा आणि त्याचे ५१२ बिन (कप्पे) घेतले की, वायूच्या वेगात मोजलं तर, एक बिन जवळजवळ १ किमी/सेकंद येतो, हिशोबाला सोयीचं. २०० केल्विनच्या यंत्रणेत अशा एका बिनचा थरथराट एका सेकंदाच्या सरासरीत ३ केल्विनच्या घरात असतो, एका मिनिटात ०.४ च्या आत. म्हणजे मिनिट तरी थांबा.

फिल्टरचा स्वतःचा फुगवटा हायड्रोजन समजला जातो, म्हणून संदर्भ स्पेक्ट्रमने भागणं गरजेचं आहे. पण संदर्भ म्हणून ‘रिकामं’ आकाश घेऊ नका. हायड्रोजन साऱ्या आकाशात आहे, त्यामुळे भागाकारात तुमचीच रेषा कापली जाते. जमीन किंवा ५० ओहमचा लोड (हॉर्नऐवजी जोडायचा रोध) वापरा.

खरी की खोटी?

१४०० ते १४२७ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा रेडिओ खगोलासाठी राखीव आहे. त्रास येतो तो घरातल्या एलईडी ड्रायव्हरचा, चार्जरचा, यूएसबी ३ चा. खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात मोबाइल बंद ठेवायला सांगतात ते उगाच नाही. सुईसारखं टोक दिसलं तर तो हायड्रोजन नव्हे.

खात्रीचा उपाय म्हणजे हॉर्न सरळ डोक्यावर रोखून दिवसभर सोडून देणं. पुण्याच्या अक्षांशावर आकाशगंगेचा पट्टा नाक्षत्र वेळेने (ताऱ्यांवरून मोजलेल्या वेळेने) सुमारे १९:३० आणि ६:१० ला डोक्यावरून जातो. पहिला उंचवटा रुंद असतो, दुसरा अरुंद. दोन्ही साध्या घड्याळात रोज ४ मिनिटं आधी आले तर सिग्नल आकाशातला. घड्याळाच्या ठरलेल्या वेळी आला तर शेजाऱ्याचा.

वाचताना

वारंवारता वाढली म्हणजे वायू आपल्याकडे येतोय, वेग ऋण. हे चिन्ह अनेकांचं उलटं पडतं. पृथ्वीचा वेग वजा केला नाही, तर ६:१० चं तेच शिखर सप्टेंबरअखेर आणि मार्चअखेर एकमेकांपासून २८० किलोहर्ट्‌झ लांब दिसेल.

रुंदीवरून तापमान काढणं त्याहून वाईट. १०० केल्विनच्या वायूची रेषा जेमतेम २ किमी/सेकंद रुंद असते. १०० किमी/सेकंद रुंदी तापमानाचीच मानली तर २ लाखांवर केल्विन येतात, आणि तेवढ्या उष्णतेत उदासीन हायड्रोजन उरतच नाही. ही रुंदी आकाशगंगेच्या फिरण्यातून येते.

आणि जिथे रेषा मंदावते तिथे पोकळी आहे असं धरू नका. दाट, थंड ढगांत अणू धूलिकणांवर जोडीने चिकटून रेणू बनतात, आणि हायड्रोजनचा रेणू २१ सेंमीवर गप्प असतो. त्याला शोधायचं तर कार्बन मोनॉक्साइडची ११५.२७ गिगाहर्ट्‌झची रेषा लागते, आणि ती या हॉर्नच्या आवाक्यातली नाही.