दिवाळीत देवासाठी निवांतपणा मिळत नाही? या चुका टाळा

वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत घरात रोज काही ना काही पूजा असते. तरीही भाऊबीजेच्या रात्री भांडी आवरताना वाटतं, यंदा देवाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. मला हे बरीच वर्षं वाटायचं आणि दोष मी वेळेला द्यायचे. खरं तर एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशा स्वस्थ बसायच्या जागा सणाने आधीच धरून ठेवलेल्या असतात. आपण त्यांच्यावर नाशिकच्या मेन रोडवरून आणलेल्या पिशव्या ठेवतो.

ऐन धांदलीत नवा नेम धरणं

एका वर्षी मी दिवाळीच्या तोंडावर सात दिवसांचं पारायण धरलं. दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी चकलीची भाजणी गिरणीतून आली आणि मी ओवीवर बोट ठेवून चकल्यांचा हिशेब करायला लागले. शेवटचे अध्याय तर धावत संपवले. समाप्तीच्या दिवशी नैवेद्याला उशीर झाला म्हणून घरातल्या सगळ्यांवर ओरडले. पुण्य किती पदरात पडलं माहीत नाही, अबोला मात्र दोन दिवस टिकला.

त्यामुळे या आठवड्यात नवीन काही धरू नका. जे करणारच आहात त्यातलं एक निवडा आणि तेवढं घाईविना करा. नरकचतुर्दशीला मुलांच्या पाठीला तेल चोळतो ना, ते चोळताना पुढच्याला ‘आटप’ म्हणायचं नाही, एवढंच ठरवलं तरी बघा काय होतं. उटण्याचा वास, कुडकुडणारं पोर, बाहेर अजून अंधार. पूजाच आहे ती.

संध्याकाळी पणतीपाशी बसलं की नेमकं आठवतं, बेसन संपलंय. आठवू दे. देवघरात कागद-पेन्सिल ठेवा, लिहा आणि परत वातीकडे बघा. यादी डोक्यात धरून ठेवली की जास्त छळते.

मोठ्या दिवशी मोठ्या देवळात शांतता शोधणं

पाडव्याला सकाळी दहाला काळारामाच्या रांगेत उभं राहायचं आणि मग ‘दर्शनात मन लागलं नाही’ म्हणायचं, यात रामाचा काय दोष? दर्शनाला जरूर जा, फक्त त्या दिवशी दर्शनापेक्षा जास्त काही मागू नका.

बसायचं असेल तर काकड्याला जा. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत विठ्ठलाच्या देवळांत पहाटे काकडा असतो. आपल्या गल्लीतलं, चार म्हाताऱ्या आणि एक टाळकरी असलेलं देऊळही चालेल, किंबहुना तेच बरं. महिनाभर जायलाच हवं असं नाही. दिवाळीच्या मधल्या एखाद्या साध्या दिवशी जा, शाल घ्या, कारण नाशिकची पहाट तोवर बोचायला लागलेली असते. चाल येत नसेल तर नुसता टाळ धरा. डुलकी लागली तरी कुणी उठवत नाही, माझा अनुभव आहे.

आणि काकड्याहून थेट मिसळीला जायची आपली नाशिककरांची खोड. मिसळ खाच, पण ‘आज कुठली?’ हा वाद आरती संपेपर्यंत थांबवा.

सगळं फोनमध्ये भरून घेणं

पिंपळपारावर पाडवा पहाटेला बसले असताना माझ्या पुढच्या रांगेत इतके हात वर होते की गाणारे मला फोनच्या पडद्यावरच दिसत होते. मीही तेच केलं होतं. ती चित्रफीत मी अजून एकदाही पाहिलेली नाही. आता फोन स्कूटीच्या डिकीत ठेवते. घरी कुणी आजारी असेल तर अर्थात जवळ ठेवा, पण खिशात.

एकांतासाठी सगळ्या घराला गप्प बसवणं

‘मी ध्यानाला बसतेय, आवाज नको’ असं म्हणून दार लावलं की बाहेर सगळे चवड्यांवर चालतात आणि आत आपण कुकरची शिट्टी कधी होते याकडे कान लावून बसतो. फराळाच्या दिवसांत हा प्रयोग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा वाती वळायला बसा. त्रिपुरी पौर्णिमेला महादेवापुढे ७५० वातींची त्रिपुरवात लावतात. बाजारात ती तयार मिळते, मीही वर्षानुवर्षं तीच आणायचे. मग एकदा सासूबाई म्हणाल्या, “अगं, बस की जरा. दोघींनी वळल्या तर होतील आठवड्यात.” दुपारची जेवणं झाली की आम्ही कापूस घेऊन बसायचो. त्यांच्या वाती एकसारख्या, माझ्या कुठे जाड, कुठे पेळू सुटलेल्या. त्या बोलायच्या, मध्येच गप्प व्हायच्या, पुन्हा मोजायच्या. दोनशेच्या आसपास मोजणी हमखास चुकायची, म्हणून पन्नास-पन्नासच्या जुड्या बांधायला लागलो. त्या दुपारींत मी जेवढी स्वस्थ होते तेवढी ध्यानात कधी झाले नाही. बोलत बसायला बंदी नव्हती, म्हणूनच बहुधा.

वात नीट पेटत नसेल तर ती कोरडी राहिलेली असते. आदल्या रात्रीपासून तुपात बुडवून ठेवा आणि टोकाशी कापराची चिमूट लावा.

दुःखाच्या घरी दारातून डबा देणं

ज्या घरी वर्षभरात कुणी गेलेलं असतं तिथे दिवाळी नसते, नातेवाईक फराळ नेऊन देतात. आपण जिना चढतो, डबा देतो, “येते हं, अजून तीन घरं आहेत” म्हणून उतरतो. ती तीन घरं दुसऱ्या दिवशी करा. चपला काढा, आत जा, बसा. समजुतीचं काही बोलायलाच हवं असं नाही. गेलेल्या माणसाला चिवडा कसा आवडायचा हे त्यांना सांगायचं असतं, आणि ऐकायला कुणी थांबत नाही.

भाऊबीज झाली की कंदील उतरवणं

ही नाशिककरांनी तरी करू नये अशी चूक. भाऊबीजेनंतर दहा-बारा दिवसांनी वैकुंठ चतुर्दशीला आपल्याकडे हरिहर भेट असते. गोदावरीच्या एका काठाला सुंदरनारायण, दुसऱ्या काठाला कपालेश्वर. मध्यरात्री दोघांची भेट होते, तेव्हा विष्णूला बेल आणि महादेवाला तुळस वाहतात. एरवी ज्याचं त्याचं असतं ते त्या रात्री अदलाबदल होतं. खरेदी नाही, फराळ संपलेला, पाहुणे गेलेले. कपालेश्वरात महादेवापुढे नंदीही नाही, त्यामुळे समोरची जागा तशीही रिकामीच असते.

दुसऱ्या दिवशी त्रिपुरी. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, दिवे लावायला जाल तर प्लास्टिकच्या द्रोणात पणती सोडू नका. पायरीवर लावा, विझेपर्यंत थांबा आणि पणती परत आणा. घाटाच्या पायऱ्या निसरड्या असतात, तेव्हा म्हाताऱ्या माणसांचा हात धरा.

सासूबाईंचे गुडघे यंदा त्यांना कपालेश्वराच्या पायऱ्या चढू देणार नाहीत. त्यांची वात मी नेणार आहे. साडेतीनशेपर्यंत झाल्यात, तूप कढवायचं बाकी आहे.