रविवारी इंदूरला मालवा मिलकडे बायकांना कमी गॅसात स्वयंपाक कसा होतो ते करून दाखवायचंय, जायच्या आधी हे वाचा

मागच्या वेळी मी हौसेने २००० वॅटची इंडक्शन नेली, लावली आणि फ्यूजच उडाला, सगळ्या बायका हसल्या आणि वर एका मावशींनी स्वतःचा गॅस पेटवून आम्हालाच चहा पाजला. तर या वेळी शेगडी त्यांची, भांडी त्यांची, आपण न्यायचा तो मुख्यतः वजनाचा काटा. भाजीवाल्या भियाशी बोलणं झालंय, शनिवारी रात्री त्याचा इलेक्ट्रॉनिक काटा आणून चार्जिंगला लावायचा, विसरू नका प्लीज.

त्यावर ५ किलोवाला छोटा सिलिंडर ठेवायचा (१४.२ वाला नको, तो रिकामाच पंधरा-सोळा किलो भरतो), आकडा खडूने दारावर लिहायचा, मग तूरडाळ न भिजवता उघड्या पातेल्यात शिजवायची आणि पुन्हा वजन, नंतर तेवढीच डाळ तासभर भिजवलेली कुकरमध्ये, शिट्टी झाली की गॅस बारीक, पुन्हा वजन. दर वेळी रेग्युलेटर काढूनच ठेवा नाहीतर नळीच्या ताणाने आकडा नाचतो. हे आकडे बायकांनाच वाचू द्यायचे, आपण भाषण द्यायचं नाही, विशेषतः मी.

बऱ्याच घरी कुकर आहे पण रिंग सैल, वाफ बाजूनेच निघून जाते म्हणून तो माळ्यावर पडलेला असतो. म्हणून ३ आणि ५ लिटरच्या रिंगा घ्या, आयएसआय मार्क बघून. एक पिन आणि जुना टूथब्रश पण, कारण ज्योत पिवळी आणि भांड्याची बुडं काळी म्हणजे बर्नरची भोकं बुजलेली, गॅस बंद करून गार झाला की साफ करायची.

हरभरे शनिवारी रात्रीच भिजवा. मूगडाळ-तांदूळ खिचडीसाठी, त्यात सोया वडी गरम पाण्यात भिजवून पिळून घालायची, माळव्यात सोयाबीन एवढं पिकतं आणि आपण वडीला नाकं मुरडतो! खिचडीला दहा मिनिटं खळखळून उकळी आली की झाकणासकट पातेलं गोधडीत गुंडाळून तासभर ठेवायचं, गॅसशिवाय आतल्याच उष्णतेवर शिजते. पातेलं पाऊण भरलेलं हवं, थोडंसंच असलं तर लवकर गार होतं. उघडल्यावर गरमच खायची, उरवायची नाही. फक्त राजमा गोधडीत नाही हं, तो नीट उकळला नाही तर पोट बिघडतं, त्याला कुकरच.

गोधड्या दोन, जुन्याच आणा, नवीन बघितली की लोक म्हणतात आमच्याकडे कुठे असली. आणि साडेनऊला म्हणजे साडेनऊलाच पोचा, अकराला नळ येतो, मग एकही बाई थांबणार नाही.