आधी वही, मग पॅनेल, मग पवनचक्की

आमचं घर विजेच्या शेवटच्या खांबापासून बरंच लांब आहे. तिथवर लाइन ओढत बसण्यापेक्षा आपली वीज आपणच करू, असं मी आणि दादाने ठरवलं. मी बावीस वर्षं मोटारी रिवाइंड केल्या आहेत, दादा फॅब्रिकेशन करतो. तांब्याची तार आणि लोखंडी पाइप दोघांच्याही हातातले. तरी पहिल्या वर्षी उभारलेल्यातलं निम्मं आम्हाला उतरवून पुन्हा करावं लागलं. पुढचा क्रम दुसऱ्या वेळचा आहे.

पहिले आठ दिवस काहीही विकत घेऊ नका. एक वही करा. घरातल्या प्रत्येक वस्तूपुढे दोन आकडे लिहा: किती वॅट घेते आणि दिवसाला किती तास चालते. वस्तूवरच्या पट्टीतला आकडा ढोबळ असतो. फ्रिजचा तर फारच, कारण त्याचा कॉम्प्रेसर मधूनमधून चालतो. प्लगमध्ये बसणारं छोटं वॅटमीटर चोवीस तास लावून ठेवलं की खरा आकडा मिळतो. जुन्या घरी वीज होती, तेव्हाच आम्ही हे मोजून घेतलं. ९ वॅटचे सहा दिवे, पाच तास: २७० वॅट-तास. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटारीचे ३० वॅटचे दोन पंखे, दहा तास: ६००. फ्रिज ९००. लॅपटॉप, फोन, राउटर मिळून २५०. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप प्रत्यक्षात ५५० वॅट घेतो, तो चाळीस मिनिटं: ३७०. बेरीज झाली २३९०, म्हणजे रोजचे २.४ युनिट.

याच वहीने आम्हाला पंखे बदलायला लावले. आधीचे ७५ वॅटचे होते, त्याच दहा तासांत दोघांचे १५०० वॅट-तास होत. नव्या पंख्यांनी रोजचे ९०० वाचले, म्हणजे एका फ्रिजचा खर्च. तेवढी वीज तयार करून रात्रीसाठी साठवायची तर त्याला जे पॅनेल आणि बॅटरी लागली असती, त्यापेक्षा दोन पंखे केव्हाही स्वस्त. स्वयंपाक, इस्त्री, पाणी तापवणं ही उष्णतेची कामं मात्र बॅटरीच्या हिशेबात धरूच नका. बॅटरीचा जीव त्यातच जातो.

मग व्होल्टेज ठरवा, कारण तारेची जाडी, फ्यूज, इन्व्हर्टर सगळं त्यावरून ठरतं. आम्ही आधी १२ व्होल्टवर उभारणी केली आणि तारा हाताला गरम लागायला लागल्या. १००० वॅटसाठी १२ व्होल्टवर ८३ अँपिअर वाहतात, २४ वर ४२, ४८ वर २१. तारेतलं नुकसान प्रवाहाच्या वर्गाने वाढतं. प्रवाह निम्मा झाला की तीच तार चौथा हिस्सा वीज खाते. आमच्या २.४ युनिटांना २४ व्होल्ट पुरले. इन्व्हर्टर ३००० वॅटच्या वर जाणार असेल तर सरळ ४८ घ्या.

पॅनेलचा हिशेब सोपा आहे. तारा, कंट्रोलर, बॅटरी, इन्व्हर्टर मिळून चौथा हिस्सा वाटेत जातो असं धरा. २.४ युनिट हातात यायला ३.२ तयार व्हायला हवेत. वर्षातल्या मंद महिन्यांत पूर्ण उन्हाचे चार तास धरले तर ८०० वॅट झाले. आम्ही ३३० वॅटची चार बसवली, १३२० वॅट. वरचे ५०० ढगाळ दिवसांसाठी. कल तुमच्या अक्षांशाइतका, तोंड विषुववृत्ताकडे, मागून वारा खेळायला हातभर जागा. पॅनेल तापलं की उत्पादन घटतं, दर अंशाला साधारण ०.३५ टक्के. पॅनेलवर छापलेले वॅट २५ अंशांचे असतात आणि उन्हात पॅनेल सहज साठ अंशांवर जातं. सावलीला मात्र जपा. एका कोपऱ्यावरची फांदीची सावली अख्ख्या मालिकेचं उत्पादन खाली ओढते.

एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलकडून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा) घेताना एक चूक फार होते. आमच्या एका पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीच न जोडता मोजलेलं) ४६, दोन मालिकेत जोडली की ९२. मग १०० व्होल्टचा कंट्रोलर पुरेल असं वाटतं. पण थंडीत पॅनेलचं व्होल्टेज वाढतं, दर अंशाला सुमारे ०.३ टक्के. पाच अंशांच्या सकाळी ९२ चे ९७ पार होतात आणि मर्यादा ओलांडली की कंट्रोलर जळतो. १५० व्होल्टचा घ्या. १३२० वॅट भागिले बॅटरी चार्ज होतानाचे २७ व्होल्ट म्हणजे ४९ अँपिअर, म्हणून ६० अँपिअरचा.

बॅटरी लेड-अ‍ॅसिड असेल तर अर्धीच वापरा. रोज त्याखाली नेली की ती लवकर मरते. पाण्याच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, त्यामुळे खोलीला वरच्या बाजूला झरोका हवाच, आणि जवळ ठिणगी पडेल असं काही नको. आम्ही दुसऱ्या वेळी लिथियम आयर्न फॉस्फेटचे २८० अँपिअर-तासाचे आठ सेल घेतले. एकेक ३.२ व्होल्टचा, मालिकेत २५.६. साठा ७.१७ युनिट, त्यातले ८० टक्के वापरायचे म्हणजे ५.७. ऊन अजिबात नसलं तरी दोन दिवस निघतात. मालिकेत बांधण्याआधी आठही सेल समांतर जोडून ३.६५ व्होल्टपर्यंत एकदा सारखे भरून घ्या, नाहीतर एक भरतो, दुसरा उपाशी राहतो आणि बीएमएस (सेल राखणारं सर्किट) मध्येच सगळं तोडते. शून्य अंशांखाली हे सेल चार्ज करायचे नाहीत. यांचं व्होल्टेज बराच काळ एकाच जागी थांबतं, त्यावरून साठा कळत नाही. ऋण टोकावर शंट (प्रवाह मोजायची पट्टी) बसवून अँपिअर-तास मोजणारं मीटर लावा. आई रोज संध्याकाळी त्यावरचा टक्का वहीत लिहिते, आणि त्यावरूनच दुसऱ्या दिवशी पंप कधी लावायचा ते ठरतं.

इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे लाइनसारखीच वीज देणारा हवा. मोटार सुरू होताना चालू प्रवाहाच्या पाच ते सातपट प्रवाह ओढते, हे रिवाइंडिंग करणाऱ्याला कोणी सांगावं लागत नाही. आमचा अर्ध्या अश्वशक्तीचा पंप क्षणभर चार हजार व्होल्ट-अँपिअरच्या आसपास मागतो. म्हणून काही सेकंद दुप्पट भार झेलणारा ३००० वॅटचा घेतला. त्याला पूर्ण भारावर १४० अँपिअर लागतात: ५० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, शक्य तेवढी आखूड, टोकांचे लग नीट प्रेसने दाबलेले.

आणि फ्यूज. तो बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर असावा, इन्व्हर्टरजवळ नव्हे. राखायची असते ती मधली तार. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सुटतात आणि साधा फ्यूज वितळूनही आतला आर्क (ठिणगीची ज्योत) विझत नाही. आमच्याकडे असा आर्क विझवणारा टी क्लासचा १७५ अँपिअरचा आहे. पॅनेलच्या बाजूला डीसीसाठीच बनवलेले एमसीबी (जास्त प्रवाहाला आपोआप पडणारे स्विच) वापरा. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून त्याचा आर्क आपोआप तुटतो. डीसीला ती सवलत नाही.

आता पवनचक्की. माझं मन तिच्यात आहे, तरी खरं तेच सांगते: एवढ्याच कष्टात आणखी पॅनेल लावली तर वीज जास्त मिळते. चक्की हवी ती आठवडाभर ढग बसून राहतात आणि वारा मात्र रात्रंदिवस वाहतो तेव्हासाठी. तुमच्याकडे तसा वारा नसेल तर हा भाग सोडून द्या.

वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते, दुप्पट वेगाला आठपट. आमच्या चक्कीचा व्यास २.४ मीटर, म्हणजे झोत साडेचार चौरस मीटरचा. सेकंदाला ५ मीटर वाऱ्यात त्यातून ३४६ वॅट वाहतात. आल्बर्ट बेट्झने दाखवलेली मर्यादा ५९.३ टक्के आहे, त्यापलीकडे कोणतीही चक्की जात नाही. हाताने केलेली, सगळं नुकसान धरून, २५ टक्के दिली तरी चांगली. म्हणजे ८६ वॅट. ऐकायला कमी, पण चोवीस तास तसा वारा राहिला तर २ युनिट. १० मीटर वाऱ्याला तीच ६९० वॅट देते.

जनित्र मी घरीच केलं. दोन लोखंडी चकत्या, प्रत्येकीवर निओडायमियमचे बारा चुंबक, एक उत्तर एक दक्षिण असे आलटून पालटून. दोन्ही चकत्या समोरासमोर फिरतात आणि मध्ये रेझिनमध्ये ओतलेल्या नऊ कॉइलींचा स्थिर स्टेटर. लोखंडी गाभा नाही, म्हणून हलक्या वाऱ्यातही चक्की अडून बसत नाही. वेढे किती घालायचे हा प्रश्न सगळ्यांना पडतो. मी असं केलं: पातीच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या सातपट धरला, तर ३ मीटर वाऱ्याला मिनिटाला १६७ फेरे होतात. या फेऱ्यांवर बॅटरी चार्ज व्हायला लागली पाहिजे. तीन फेज स्टार (तिन्हींची एकेक टोकं एकत्र) जोडून रेक्टिफायरमधून (एसीचा डीसी करणारा) काढल्या की प्रत्येक फेजला ११ व्होल्ट हवेत, फेजमध्ये तीन कॉइली, म्हणजे एकीला ३.७. मग ५० वेढ्यांची एकच कॉइल गुंडाळली, चकत्यांमध्ये धरली आणि दादाने ड्रिलने चकत्या १६७ फेऱ्यांवर फिरवल्या. मीटरवर २.५ व्होल्ट आले. ५० गुणिले ३.७ भागिले २.५, म्हणजे ७४. मी ७५ घातले. सूत्रांची पानं भरण्यापेक्षा ही एक कॉइल जास्त खरं बोलते. चुंबक हाताळताना दोन माणसं असा आणि दुसरी चकती जॅकस्क्रूवर इंचाइंचाने उतरवा. सुटलेली चकती बोटाचं हाड मोडते.

पाती सरळ रेषेच्या, गाठ नसलेल्या लाकडाची, तिन्हींचं वजन आणि तोल सारखा. तोल साधेपर्यंत चक्की वर चढवायची नाही, कारण थरथर आधी बेअरिंग खाते, मग वेल्डिंग. जोराच्या वाऱ्यापासून बचाव शेपटीत आहे. जनित्र खांबाच्या अक्षापासून बाजूला बसवायचं (आमचं १२५ मिलिमीटर) आणि शेपूट तिरक्या बिजागरीवर. वारा जोराचा झाला की चक्की तोंड फिरवते, शेपूट वर उचलली जाते, आणि वारा ओसरला की आपल्याच वजनाने खाली येऊन तिला पुन्हा समोर आणते.

खांब आम्ही पहिल्यांदा सहा मीटरचा केला आणि वर्षभर वाया गेलं. भोवतीची झाडंही तेवढीच उंच. त्यांच्यामागे वारा भोवरे घेत येतो, चक्की दर मिनिटाला तोंड फिरवत बसते आणि चार्जिंग नावालाच होतं. पातीचं खालचं टोक शंभर मीटरच्या आतल्या कोणत्याही अडथळ्यापेक्षा निदान दहा मीटर वर हवं. आता सहा-सहा मीटरचे तीन पाइप जोडून अठरा मीटरचा खांब आहे. तळाला बिजागरी, चार बाजूंना ताणाच्या तारा, आणि काटकोनात एक उचलखांब, ज्याच्या आधाराने विंचने सगळं आडवं होतं. बिजागरीच्या रेषेतले दोन बाजूचे खुंट बिजागरीच्याच उंचीवर घ्या, नाहीतर खांब झोपवताना त्या तारा आवळतात किंवा ढिल्या पडतात. खांब आडवा होतो म्हणूनच आम्ही चक्कीची देखभाल करतो. अठरा मीटर चढून कोणी केली नसती.

एक नियम भिंतीवर लिहून ठेवा: फिरती चक्की कधीही मोकळी सोडायची नाही. पॅनेल बॅटरीपासून सोडवलं तरी चालतं. चक्कीचा भार काढला की ती वेग घेते आणि व्होल्टेज कुठच्या कुठे जातं. एका संध्याकाळी मी साफसफाईला बॅटरी सोडवली आणि अर्ध्या मिनिटात चक्कीचा कंट्रोलर गेला. म्हणून दोन गोष्टी केल्या. पहिली, तिन्ही फेज एकत्र शॉर्ट करणारा ब्रेक स्विच, तोही रेक्टिफायरच्या आधी. दुसरी, डम्प लोड: बॅटरी भरली की वीज ०.७६ ओहमच्या हीटर कॉइलीत वळते, म्हणजे २७.६ व्होल्टवर १००० वॅट, चक्कीच्या कमाल उत्पादनापेक्षा जास्त. कॉइल पाण्याच्या टाकीत आहे, त्यामुळे वादळी दिवसांत अंघोळीचं पाणी फुकट तापतं. सोलर २७.२ व्होल्टवर थांबतं, डम्प २७.६ ला सुरू होतो, बीएमएस २९.२ ला तोडते. हा क्रम उलटा झाला तर सोलरची वीज पाण्यात जाते, नाहीतर बीएमएस तोडते आणि चक्की मोकळी सुटते.

खांबापासून बॅटरीपर्यंत ४० मीटर आहेत. तीन फेजसाठी १६ चौरस मिलिमीटरची केबल घातली तरी २५ अँपिअर चार्जिंगला सुमारे ५५ वॅट तारेतच जातात. रेक्टिफायर बॅटरीजवळ ठेवून एसीच खाली आणला. खांब, पॅनेलच्या चौकटी आणि इन्व्हर्टरची बॉडी एकाच अर्थिंगला जोडा, ताणाच्या तारांच्या खुंटांनाही अर्थ द्या, आणि चक्की व पॅनेल दोन्हींच्या बाजूला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक झटका अडवणारे) बसवा. घरातलं एसी वायरिंग जाणकार इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

दर सहा महिन्यांनी शांत सकाळ बघून खांब झोपवतो. ब्रेक लावायचा, चक्की थांबल्याची खात्री करायची, मगच विंच सैल करायचा. पातींच्या पुढच्या धारेवर धूळ घासून खड्डे पडलेत का ते पाहायचं, बेअरिंगमध्ये ग्रीस, शेपटीच्या बिजागरीला तेल, खांबातून उतरणाऱ्या केबलला पीळ बसला असेल तर उलगडायचा. ताणाच्या तारांचे टर्नबकल (ताण आवळायचे स्क्रू) आवळून त्यात बांधतार ओवायची. दादा खांब उभा करताना मी ओळंबा धरते, आई वहीत तारीख लिहिते. चारही ताण सारखे झाले, ओळंबा सरळ दिसला, की ब्रेक सोडायचा.