फ्लाय बांधायचे गळ: स्वस्त घ्या, पण आधी पाच वाकवून बघा

फ्लाय म्हणजे गळावर धागा, पिसं, केस बांधून केलेलं नकली आमिष. ती बांधायच्या गळाच्या पाकिटावरचा भाव फसवा असतो. समजा १०० गळ ४०० रुपयांना मिळाले, तर एक ४ रुपयांना पडला. त्यातले २५ टाकून द्यावे लागले की तोच ५ रुपये ३३ पैशांवर जातो. तेवढ्यानं काही बिघडत नाही. खरा खर्च पुढे आहे: गळावर चढवायचा टंगस्टनचा मणी बऱ्याचदा गळाहून महाग, बांधायला पंधरा मिनिटं, आणि मग हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या गार पाण्यात दिवसभर उभं राहून लागलेला एखादा ब्राउन ट्राउट मासा. गळ मोडला की हे सगळं वाया. स्वस्त गळ जरूर घ्या. फक्त त्यातली खोट पहिला धागा गुंडाळायच्या आत सापडायला हवी.

खोट दोन जातींची असते. नेढ्यातली फट, बोथट अणी, वाकडा बाक हे एकेका गळाचे दोष. तांदळातल्या खड्यांसारखे ते वेचून टाकता येतात. पोलादाला पाणी (तापवून-थंड करून आणलेला कडकपणा) मात्र अख्ख्या घाण्याला एकदम दिलेलं असतं. ते चुकलं असेल तर एका गळाचा नव्हे, सगळ्या पाकिटाचाच भरवसा जातो, आणि ही खोट डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आधी पाण्याची परीक्षा, नजरेची निवड नंतर.

पाकिटातून कुठलेही पाच गळ काढा. चष्मा लावा, कारण कडक गळ तुटला की तुकडा सुटतो तो थेट तोंडाच्या दिशेनं. गळ वाइसमध्ये, म्हणजे गळ पकडायच्या शिकंज्यात, बाकाच्या खालच्या भागाशी धरा. अणी जबड्यात दाबू नका, नाहीतर चांगल्या गळाची अणी तुम्हीच मोडाल. आता नेढ्यावर बोट ठेवून १४ नंबरचा गळ एक-दीड मिलिमीटर खाली दाबा आणि सोडा. ‘टिंग’ करून तो जागेवर आला पाहिजे. वाकलेलाच राहिला तर पाणी कमी पडलंय. कट्‌कन तुटला तर जास्त झालंय. ड्राय फ्लायचा, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायचा, बारीक तारेचा गळ थोडा जास्त लवतो, तो दोष नाही.

दुसरी कसोटी ओढीची. नेढ्याला तुमचा नेहमीचा टिपेट, म्हणजे दोरीचा शेवटचा बारीक तुकडा, बांधा, बाक एखाद्या जाड खिळ्यात अडकवा आणि हळूहळू ताण देत टिपेट तुटेपर्यंत ओढा. ५एक्स टिपेट ०.१५ मिलिमीटर जाडीचा, साधारण दोन किलोच्या आसपास तुटतो. टिपेट तुटला आणि बाक जसाच्या तसा राहिला तर गळ पास. बाक आधी उघडला तर तो गळ तुमच्या दोरीपेक्षा कच्चा आहे. पाचातला एक नापास झाला तर आणखी पाच काढून बघा. पुन्हा एखादा नापास झाला तर पाकीट परत करा, किंवा सरावाची बांधणी करायला वेगळं ठेवा.

एवढं पार पडलं की उरलेले गळ पांढऱ्या कागदावर ओता आणि भिंगाखाली एकेक घ्या. नेढं उजेडासमोर धरा. जिथं तारेचं टोक दांडीला येऊन मिळतं तिथं फट दिसली तर टिपेट नेमका त्या फटीत सरकतो आणि तारेच्या धारेवर कापला जातो. ‘गाठ सुटली’ म्हणून हळहळणाऱ्या कित्येकांची गाठ सुटलेली नसतेच. केसाएवढी फट असेल तर त्यावर धाग्याचे तीन-चार वेढे आणि वार्निशचा एक थेंब पुरतो. टिपेट आत शिरत असेल तर गळ टाका. अणीसाठी नखाची परीक्षा: अंगठ्याच्या नखावर अणी अलगद, तिरकी ओढा. रुतून ओरखडा उमटला तर ठीक, नुसती घसरली तर बोथट. मोठ्या गळांना बारीक कानस मारून धार करता येते. १० नंबरहून लहान गळावर तो खटाटोप करण्यात अर्थ नाही. शेवटी गळ काचेवर आडवा ठेवा. अणी एका बाजूला उचललेली असेल तर ती मुद्दाम वळवलेली आहे. आमिष लावायला असे गळ चालतात, पण त्यांच्यावर बांधलेली फ्लाय सरळ बसत नाही.

साध्या मासेमारीच्या दुकानात स्वस्त मिळणाऱ्या गळांपैकी चपट्या डोक्याचे, म्हणजे नेढं नसलेले गळ सोडून द्या. दांडीवर आमिष अडकवायला खाचा मारलेले असतील तर तेही नकोत. त्या खाचा धागा कापतात.

अणीमागच्या उलट्या काट्याबद्दल थोडं सविस्तर. स्वस्त गळात हा काटा उभारताना तारेत खोल चीर दिलेली असते, आणि गळ बहुतेक वेळा तिथंच मोडतो. पकडून सोडायच्या मासेमारीत काटा नकोच असतो, तेव्हा तो दाबून टाका. पण बांधणीच्या आधी. नंतर दाबताना अणी मोडली तर पंधरा मिनिटांचं काम कचऱ्यात. गुळगुळीत जबड्याची चपटी पक्कड अणीच्या दिशेनं, तारेच्या रेषेत धरा. आडवी धरली तर अणी चिमटली जाते. एका दमात न चिरडता दोन-तीन हलक्या दाबांत बसवा. काटा बसला की मणीही सहज सरकतो. मण्याचं बारीक भोक आधी अणीवरून घाला म्हणजे रुंद भोक मागे, बाकाच्या बाजूला राहतं. १६ नंबरला २.५, १४ ला ३ आणि १२ ला ३.५ मिलिमीटरचा मणी बेताचा बसतो. जिग गळाला खाच असलेला मणीच घ्या; गोल भोकाचा मणी त्याच्या वळलेल्या मानेवर नीट बसत नाही.

आता नंबर. आकडा वाढतो तसा गळ लहान होतो: १६ हा १२ पेक्षा लहान. १ च्या पुढे मात्र १/०, २/० असे मोठे होत जातात. २एक्स लाँग म्हणजे त्या नंबरच्या नेहमीच्या दांडीपेक्षा दोन पायऱ्या लांब दांडी. १एक्स फाइन म्हणजे तार एक पायरी बारीक. हे सगळे कंपनीचे आपापले हिशेब. एकाचा १४ दुसऱ्याच्या १४ शी जुळेलच असं नाही, म्हणून नवं पाकीट जुन्या गळाशेजारी ठेवून बघा. अणी आणि दांडी यांच्यातलं अंतर, म्हणजे गळाचं तोंड, महत्त्वाचं. फोमनं किंवा केसांनी भरलेलं अंग निम्म्याहून जास्त तोंड बुजवत असेल तर मासा तोंडात घेईल, पण अणी रुतणार नाही. तिथं रुंद तोंडाचा गळ घ्या.

सुरुवातीला तीनच प्रकार पुरतात. हिमाचल-काश्मीरच्या ट्राउटसाठी १४ नंबरचा बारीक तारेचा ड्राय आणि १२ किंवा १४ चा जाड तारेचा निम्फ, म्हणजे बुडणाऱ्या फ्लायचा गळ. स्ट्रीमरसाठी, म्हणजे लहान माशासारख्या फ्लायसाठी, ८ नंबर, ३एक्स लाँग. मुस्ताड ही नॉर्वेतली जुनी कंपनी, आणि तिचे ९४८४०, ३९०६बी आणि ९६७२ हे अनुक्रमे याच तीन कामांचे ठरलेले गळ. बांधणीच्या कृतींमध्ये हे आकडे वारंवार येतात, त्यामुळे दुसऱ्या कुणाचे घेतले तरी तुलनेला उपयोगी पडतात. टिमको, गामाकात्सू यांसारखे जपानी गळ धारेला सरस आणि भावालाही. अगदी बारीक, १८ नंबरहून लहान गळांत पैसे वाचवू नयेत. तिथं तारच इतकी पातळ असते की पाण्याची जराशी चूकही चालत नाही.

महासीरला वेगळा न्याय लावावा लागतो. त्याच्या घशात दात असतात आणि चावा असा की बारीक तारेचा गळ चेंगरून सपाट होतो. ४ ते १/० नंबर, जाड तार, आखूड दांडी, आणि ओढीची कसोटी जाड टिपेटवर घ्यायची.

कोकणातल्या खाडीत जिताडा किंवा तांबोशीसाठी १/० ते ३/० लागतात, आणि तिथं शत्रू गंज. काळा मुलामा दिसायला देखणा, पण अणीशी खरचटला की तिथूनच गंज धरतो. मुलाम्याची परीक्षा घरी होते: एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा, गळ दोन रात्री बुडवून ठेवा, तिसऱ्या दिवशी अणी भिंगाखाली बघा. कल्हई केलेला पोलादी गळ, उदाहरणार्थ मुस्ताडचा ३४०७, खाडीसाठी पैशाला परवडतो. त्याच घडणीचा स्टेनलेस ३४००७ गंजत नाही, मात्र त्याची अणी लवकर बोथटते आणि दोरी तुटली तर तो माशाच्या तोंडात बराच काळ राहतो. खाडीवरून आल्यावर फ्लाय गोड्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळेपर्यंत डबा बंद करू नका. एक ओली फ्लाय शेजारच्या दहांना गंजवते.

खरेदी दोन हप्त्यांत करा. आधी २५ चं पाकीट, कसोट्या, मग त्याच लॉटचं १०० चं. पाकिटावर लॉट नंबर नसेल तर १०० च्या पाकिटातले पाच गळ पुन्हा वाकवून बघा. गळ सुटे डबीत ओतलेत तर मूळ लेबल कापून त्याच डबीत टाका. सहा महिन्यांनी १४ चा ड्राय आणि १४ चा निम्फ नुसत्या नजरेनं वेगळे करायला बसलात की या सवयीची किंमत कळते.