पिकअपचे प्लग बदलताय? या चुका टाळा

आधी एक खुलासा. डिझेल गाडीला स्पार्क प्लग, म्हणजे ठिणगी पाडून इंधन पेटवणारा प्लग, नसतो. हसू नका, बेळगावच्या भाजी मार्केटात उभ्या असलेल्या बहुतेक पिकअप डिझेलच्या, आणि त्यांचे मालक दर पावसाळ्यात 'सकाळी लवकर चालू होईना, प्लग टाकून द्या' म्हणत येतात. डिझेल दाबानं तापलेल्या हवेत आपोआप पेटतं, त्याला ठिणगी लागत नाही. असलाच तर हीटर प्लग असतो, आणि तो गार इंजिन चालू होण्यापुरता. तेव्हा पुढचं सगळं पेट्रोल आणि सीएनजीवाल्यांसाठी आहे: सुपर कॅरी, पेट्रोलचा छोटा हत्ती, सीएनजीवरचा दोस्त, असल्या गाड्यांसाठी.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गरम इंजिनावर, लांब पान्यानं, डोळे झाकून प्लग पिळणं. हेड, म्हणजे प्लग बसतो ते सिलिंडरवरचं झाकण, अ‍ॅल्युमिनियमचं, प्लग लोखंडाचा. भांडणात कोण हरणार हे ठरलेलं आहे.

नवरात्राच्या तोंडावर रताळ्यांची गडबड असते तेव्हाची गोष्ट. जांबोटीकडचा एक गाडीवाला, गाडी थोडी मिसिंग मारत होती, म्हणजे मधेच एखादा सिलिंडर पेटत नव्हता. गॅरेजला आणायला वेळ नाही. घरी भाचा होता, मोबाइलवर व्हिडिओ बघून तयार झालेला. 'मामा, अर्ध्या तासाचं काम हाय की.' मार्केटातून येऊन गाडी लावलेली, बॉनेट हात लागेना इतकं तापलेलं, आणि पोरानं काम सुरू केलं. तीन प्लग बसले. चौथा दोन आटे जाऊन अडला. अडलेला प्लग काहीतरी सांगत असतो, पण पोरानं रॅचेटच्या दांड्यावर पाइप चढवला आणि बसवलाच. गाडी चालू झाली, मामा खूश.

पुढच्या खेपेला पिरनवाडीच्या पुढे फाट्कन आवाज झाला. प्लग आट्यांसकट बाहेर, वरची कॉइल (प्लगला वीज देणारी) फुटलेली, इंजिन तीन सिलिंडरवर धडधडतंय. टोचन करून माझ्या गॅरेजला आणली. प्लग हातात घेतला तर त्याच्या आट्यांत हेडमधलं अ‍ॅल्युमिनियम तारेसारखं गुंडाळून आलेलं. माझा गोकाकचा पोऱ्या भोकात बॅटरी मारून बघतो आणि म्हणतो, 'आगंगिल्ल री.' खरंच होण्यातलं नव्हतं. आटे नुसते गेले असते तर जागेवर हेलिकॉइल बसवता आलं असतं: भोक जरा मोठं करायचं, नवे आटे पाडायचे, आत स्टीलची गुंडाळी बसवायची. पण इथं प्लग तिरका घुसून भोकच वाकडं झालेलं, वर चुरा सिलिंडरात पडलेला. हेड काढून उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत मशीनवर पाठवलं. तोवर त्याची पोती दुसऱ्याच्या गाडीतून गेली आणि हंगामाचं भाडंही त्याच्याबरोबर गेलं.

माझी पद्धत अशी. इंजिन रात्रभर गार. कॉइल काढली की प्लगच्या खड्ड्यात आधी हवा मारायची. आमच्या भागातली लाल माती आणि उसाच्या फडातला कचरा तिथं साचलेला असतो. प्लग सैल झाला की ते सगळं थेट सिलिंडरात जातं. हवा मारताना डोळ्यावर चष्मा ठेवा. मग पाव आटा सैल करून परत हवा, मगच पूर्ण बाहेर.

बसवताना पाना नाही. जुन्या पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा घ्या, प्लगच्या डोक्यावर चढवा आणि नळीनंच फिरवा. आधी उलटा फिरवायचा. आटे जुळले की 'टक्' असं बोटाला कळतं, मग सुलटा. वाकडा जायला लागला तर नळी डोक्यावरून घसरते, जोर लागतच नाही. वॉशर टेकेपर्यंत नळीनंच गेला पाहिजे. त्यानंतर पाना: नवीन प्लग असेल तर टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, कारण नवीन वॉशर दबायचा असतो. तोच प्लग परत बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेला आहे, तेव्हा घड्याळाच्या काट्याच्या एका तासाएवढंच. टॉर्क रेंच असेल तर १४ मिमी आट्यांना २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिमीला १५ ते २०. वॉशर नसलेला, निमुळत्या बुडाचा प्लग असेल तर याहून कमी. त्याला अर्धा फेरा दिलात तर काढताना रडाल.

आट्यांना ग्रीस किंवा कॉपर पेस्ट लावू नका. आजकालच्या प्लगना मुलामा असतो. ग्रीसनं आटा निसरडा होतो आणि तेवढ्याच हातानं जास्त आवळला जातो.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे सीएनजी गाडीचं प्रत्येक दुखणं किटवर, म्हणजे गाडी गॅसवर चालवणाऱ्या जोडणीवर, ढकलणं. तक्रार ठरलेली: सपाटीला ठीक, पेट्रोलवर ठीक, पण माल भरून संकेश्वरहून येताना वंटमुरी घाटाला गॅसवर झटके. मालक किटवाल्याकडे जातो. तो रेड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) बघतो, मॅप (गॅस किती सोडायचा ती सेटिंग) बदलतो, पैसे घेतो. झटके तिथंच.

कारण साधं आहे. चढाला पाय खाली दाबला की सिलिंडरात कोंबलेलं मिश्रण जास्त, दाब जास्त, आणि त्या दाबात ठिणगी उडायला व्होल्टेज जास्त लागतं. गॅसला पेट्रोलपेक्षा ते आणखी जास्त लागतं. प्लगचं टोक झिजून गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, वाढलेली असली की कॉइलची ताकद अपुरी पडते आणि ठिणगी नको त्या वाटेनं पळते. पेट्रोलवर निभावतं, गॅसवर उघडं पडतं. म्हणून चढाला गॅसवर मिसिंग आलं की आधी प्लग काढून फट मोजायची पट्टी, फिलर गेज, घाला. किट नंतर. स्कॅनर (गाडीतले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) लावलात आणि पी०३०३ हा कोड आला तर मिसिंग तिसऱ्या सिलिंडरात. तिथली कॉइल पहिल्याला आणि पहिल्याची तिसऱ्याला लावून बघा. कोड कॉइलबरोबर फिरला तर दोष कॉइलचा, जागेवरच राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर. एवढं न करता सगळ्या कॉइल बदलायला सांगणारे मिस्त्री आहेत, त्यांच्यापासून देव राखो.

कंपनीचीच सीएनजी गाडी असेल तर गॅप कंपनीच्या मापानं. बाहेरून किट बसवलेलं असेल तर मी पुस्तकातल्या मापापेक्षा ०.१ मिमी कमी ठेवतो. साधे निकेलचे प्लग गॅसवर, भाड्याच्या गाडीत, मी १०,००० किलोमीटरला तपासतो आणि २०,००० ला टाकून देतो, मॅन्युअलात जास्त लिहिलं असलं तरी. इरिडियम जास्त टिकतो, पण त्याचं टोक ०.४ ते ०.६ मिमी जाड. गोल नाण्यासारखं गेज घुसवून त्याची गॅप वाढवायला गेलात तर पैसे गटारात.

तिसरी गोष्ट दुकानातली. काउंटरवरचा पोरगा 'हा बी चालतंय की' म्हणून हातात दुसराच प्लग ठेवतो. आटे बसले म्हणजे प्लग चालला असं नाही. त्याच्यावरचा आकडा उष्णतेचा असतो. टोक साधारण ४५० अंशांच्या वर तापलं तरच कार्बन जळून साफ होतो आणि ८०० च्या बरंच पुढे गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेटतं, पिस्टनला भोक पडेपर्यंत मजल जाते. गंमत म्हणजे एनजीके कंपनीच्या प्लगचा आकडा वाढला की प्लग थंड, बॉशचा वाढला की गरम. कंपनी बदलून 'तोच नंबर द्या' म्हणणाऱ्याला मी रिकाम्या हातानं परत पाठवतो, तक्ता बघून ये म्हणतो. लांबीही बघा. एनजीकेच्या बीकेआर६ई मध्ये शेवटचा 'ई' म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी. 'एच' असेल तर १२.७. आखूड प्लग लांब भोकात घातला की खालच्या आट्यांत कार्बन बसतो आणि पुढचा बरोबर प्लगही जात नाही. उलटं केलं तर प्लग पिस्टनवर आपटायची भीती. जुना आणि नवा शेजारी धरून बघायला काही लागत नाही.

एकच प्लग बदलू नका, सगळे बदला. तारेच्या ब्रशनं घासू नका, धातूची रेघ पोर्सेलिनवर राहते आणि वीज तिथून पळते. खाली पडलेला प्लग वापरू नका, आतली चीर दिसत नाही. वॉशिंग सेंटरवर इंजिनात प्रेशरनं पाणी मारून घेतलंत आणि दुसऱ्या दिवशी मिसिंग आलं, तर प्लग विकत घ्यायच्या आधी खड्ड्यातलं पाणी उडवा.

काढलेले प्लग फेकू नका. मी वर्तमानपत्रावर सिलिंडरच्या क्रमानं मांडतो आणि खडूनं नंबर टाकतो. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय. पांढरंफटक, फोड आलेलं टोक म्हणजे इंजिन जास्त तापतंय, नुसता नवा प्लग घालून सोडू नका. तेलकट ओला म्हणजे रिंग किंवा वाल्व्ह सील. बाहेरच्या पोर्सेलिनवर लोखंडाजवळ तपकिरी कडं दिसलं की लोक 'लीक' म्हणून घाबरतात. ते लीक नव्हे, विजेच्या ओढीनं चिकटलेली धूळ आणि तेल आहे. पण खड्ड्यात खरंच तेल उभं असेल तर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग गेलंय. ते न बदलता नवे प्लग घातलेत तर कॉइलचं रबर तेलानं फुगून मऊ पडतं, आणि मग प्लगसोबत कॉइलचंही बिल भरावं लागतं.